टपावरचं गंजलेलं कॅरिअर : रंग मारण्याआधी काय करायचं?



'लोखंड का गंजते?' हा प्रश्न आपण वर्गात दरवर्षी विचारतो. मुलं उत्तर देतात, "हवा आणि पाणी यांच्यामुळे." उत्तर बरोबर असतं, आपण 'शाब्बास' म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. मीही इतकी वर्षं तेच करत होते. यंदा एप्रिलमध्ये हाच प्रश्न घरी आला आणि उत्तर पाठ असूनही आपण चुकलो होतो हे मला कळलं. म्हणून आजचा हा लेख.

माझ्या धाकट्या भावाची जुनी जीप आहे. पहाटे हर्णै बंदरावरून मासळीचे क्रेट टपावर घालून तो दापोलीच्या बाजारात पोहोचवतो आणि नंतर दिवसभर वडाप करतो. आमच्या वाडीतली हायस्कूलची मुलंही याच जीपने जातात. त्यातली निम्मी माझ्याच वर्गातून पुढे गेलेली आहेत.

टपावरचं कॅरिअर गेल्या वर्षी लालेलाल झालं होतं. गणपती तोंडावर आले होते, मुंबईची माणसं येणार होती. मीच त्याला म्हणाले, "अरे, वरून एक हात रंग मारून टाक, सणाला गाडी जरा बरी दिसेल." त्याने भर श्रावणात, दोन सरींच्या मधे, काळा ऑइल पेंट मारला. गाडी खरंच छान दिसली. यंदा एप्रिलमध्ये बंदरावर क्रेट चढवताना त्याने आधारासाठी कॅरिअरचा एक पाय धरला, तर तो पाय तुटून त्याच्या हातातच आला! बाहेरून काळा चकचकीत रंग आणि आत नुसता भुगा. त्या वेळी गाडीत कोणी नव्हतं, म्हणून निभावलं.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, तो पाय तारेने बांधतो, परत रंग मारतो, पावसाळा काढू." या वेळी मी नको म्हणाले. मे महिन्याची सुट्टी होतीच. आम्ही दोघांनी मिळून ते काम नीट केलं. कसं केलं आणि प्रत्येक पायरीमागचं कारण काय, ते आता क्रमाने पाहू.

गंज म्हणजे नेमकं काय?

लोखंडाचा ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी संयोग झाला की तांबूस-तपकिरी रंगाचा नवीन पदार्थ तयार होतो. तो म्हणजे गंज. पाठ्यपुस्तकात या प्रकाराला 'क्षरण' म्हटलं आहे. इथे तीन गोष्टी लक्षात घ्यायच्या.

१) गंज हा लोखंडावर बसलेला मळ नाही. लोखंडाचाच काही भाग बदलून त्याचा गंज झालेला असतो. म्हणजे जितका गंज, तितकं लोखंड कमी झालं.

२) गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, सच्छिद्र असतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर येतो, पण तो पातळ आणि घट्ट असतो. त्यामुळे आतला धातू झाकला जातो. लोखंडाचा गंज मात्र स्पंजासारखा ओल धरून ठेवतो आणि खालचं लोखंड आणखी गंजतं.

३) मीठ असेल तर हे सगळं वेगाने होतं. खारट पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. म्हणून किनाऱ्यावरच्या गावात खिडकीचे गज, सायकली, पत्रे लवकर जातात.

आता आमचं कॅरिअर डोळ्यांसमोर आणा. समुद्राची खारी हवा, त्यात रोज क्रेटमधून गळणारं बर्फाचं आणि मासळीचं खारट पाणी. गंजाला जे जे हवं ते सगळं आम्ही रोज टपावर नेऊन देत होतो.

मग गेल्या वर्षीच्या रंगाने काय केलं? रंग गंजाच्या पापुद्र्यावर बसला. पापुद्र्यात ओल होती, मीठ होतं. ते सगळं रंगाखाली कोंडलं गेलं आणि गंजणं आत चालूच राहिलं. वाईट गोष्ट ही की, आता ते दिसत नव्हतं. रंग नसता, तर तो पाय कमकुवत झालाय हे भावाच्या आधीच लक्षात आलं असतं.

कॅरिअर कुठे जास्त गंजतं?

सगळीकडे सारखं नाही. जिथे पाणी थांबतं तिथे जास्त. म्हणून या पाच जागा आधी बघायच्या :

• पाय जिथे टपाच्या कडेच्या पन्हळीत बसतात तो भाग. तिथे धूळ साचते आणि ओल टिकते.
• पायाखालचं रबर. रबराखाली पाणी अडकतं. त्यामुळे पाय तर गंजतोच, पण खालचा टपाचा पत्राही गंजतो.
• वेल्डिंगचे जोड. जोडाच्या खाचेत रंग नीट पोहोचत नाही.
• पाइपची उघडी तोंडं. पाणी आत शिरतं आणि पाइप आतून गंजतो. बाहेरून काहीच दिसत नाही.
• दोरी घासते ती जागा. तिथला रंग आधी जातो.

आधी तपासणी, मग रंग

कॅरिअर रंगवण्याजोगं आहे की नाही, हे आधी ठरवायचं. त्यासाठी कॅरिअर गाडीवरून खाली उतरवणं गरजेचं आहे. वर असताना पायांची खालची बाजू दिसतच नाही. आमचे दोन नट-बोल्ट गंजून बसले होते. त्यांच्यावर थोडं डिझेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी एक पान्याने सुटला, दुसरा कापावा लागला. उतरवायला चार माणसं लागतात, एकट्याने करू नका.

तपासणीच्या तीन सोप्या रीती :

१) हातोडीने हलकेच ठोकत जा. चांगल्या पाइपचा आवाज खणखणीत येतो. खाल्लेल्या पाइपचा आवाज बद्द येतो.
२) शंका आली तिथे जुना स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. टोक आत गेलं किंवा पत्रा दबला, तर तो भाग संपला.
३) प्रत्येक वेल्डिंगचा जोड तारेच्या ब्रशने साफ करून उजेडात बघा. केसासारखी चीर दिसली तरी जोड पुन्हा करायला हवा.

आमच्या कॅरिअरला सहा पाय. एक तुटलेला होताच. ठोकून बघितल्यावर आणखी एक पाय बद्द वाजला. दिसायला तो सगळ्यात चांगला होता! बाकीच्या चौघांवर आणि वरच्या सांगाड्यावर गंज होता, पण पाइप जाड आणि घट्ट होता. म्हणून दोन पाय नवीन आणि बाकीचं साफ करून रंगवायचं, असं ठरलं. निम्म्याहून जास्त पाय आणि जोड गेले असते, तर ते भंगारात देणंच योग्य ठरलं असतं. भार पेलणाऱ्या भागाला पडलेलं भोक लांबी किंवा एम-सील भरून बुजवायचं नाही. त्याने भोक दिसेनासं होतं, पण ताकद परत येत नाही.

साहित्य

पाने, हातोडी, तारेचा ब्रश, स्क्रॅपर, पॉलिश पेपर (८०, १२० आणि २२० नंबरचे), कपडे धुण्याची पावडर, भरपूर गोडं पाणी, जुनी सुती फडकी, टर्पेंटाइन, रेड ऑक्साइड प्रायमर, ऑइल पेंट, दोन ब्रश, नवीन नट-बोल्ट आणि वायसर, पायाखालची नवीन रबरं. स्वतःसाठी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क.

आम्हाला अर्धा लिटर प्रायमर आणि एक लिटर ऑइल पेंट पुरला.

कृती

पायरी १ : धुणे. खरवडण्याआधी धुवायचं. हे मला आधी माहीत नव्हतं. मीठ आणि मासळीचा तेलकटपणा अंगावर असताना घासलं, तर तेच आणखी खोलवर चोळलं जातं. पावडरच्या पाण्याने ब्रशने घासून घ्या, मग गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. बोअरवेलचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका.

पायरी २ : पापुद्रे काढणे. सुटलेला रंग आणि गंजाची खपली हातोडीने ठोकून आणि स्क्रॅपरने खरवडून काढा. जुना रंग असेल तर एक काळजी घ्या. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखात ९० भागांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं आणि शिशाची धूळ लहान मुलांसाठी फार वाईट. म्हणून जुना रंग पाण्याने ओला करून घासा, खाली प्लास्टिक अंथरा आणि मुलांना लांब ठेवा. माझ्या भाचीला मदत करायची फार हौस होती. तिला आम्ही नट-बोल्ट मोजायचं काम दिलं, तेही ओटीवर बसून.

पायरी ३ : वेल्डिंग. जे भाग बदलायचे ते आता बदलून घ्या, रंगानंतर नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा रंग जळतो. कॅरिअर खाली काढूनच वेल्डिंग करा. नवीन पाय जीआय पाइपचे करायचे का, असं फॅब्रिकेशनवाल्या दादांनी विचारलं. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो, तो लोखंडाला वाचवतो. पण जिथे वेल्डिंग होतं तिथलं जस्त जळून जातं आणि त्याचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. शिवाय जस्तावर ऑइल पेंट सरळ मारला तर काही दिवसांनी त्याची सालं निघतात, त्याला वेगळा प्रायमर लागतो. म्हणून आम्ही साधे लोखंडी, पण जाड पाइप घेतले. दादांना आणखी दोन कामं सांगितली : पाइपची उघडी तोंडं पत्र्याने बंद करायची आणि प्रत्येक आडव्या पाइपच्या खालच्या बाजूला पाणी निचरण्यासाठी बारीक भोक पाडायचं.

पायरी ४ : चकचकीत लोखंडापर्यंत घासणे. हीच या कामातली सर्वांत मोठी आणि कंटाळवाणी पायरी. आधी तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, मग १२०. तांबूस रंग जाऊन करडं, चमकणारं लोखंड दिसेपर्यंत घासायचं. जिथे जुना रंग घट्ट बसलेला आहे तो सगळा काढायची गरज नाही. पण त्याची कड २२० च्या पेपरने घासून उतरती करा. नाहीतर ती कड नव्या रंगातून दिसते आणि तिथूनच पुढे पापुद्रा सुटतो. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून काम लवकर होतं, पण त्यातून तारेचे तुकडे उडतात. गॉगल नसेल तर ग्राइंडरला हात लावू नका.

खोल खड्ड्यांतला गंज काही केल्या निघत नाही. तिथे फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंजावरचं द्रावण मिळतं. ते गंजाशी संयोग पावून लोह फॉस्फेटचा थर तयार करतं. डबीवरची सूचना वाचून, हातमोजे घालूनच वापरा. दिल्लीत कुतुबमिनारजवळ सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ उभा आहे. तो फारसा गंजत नाही, याचं कारण त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्यामुळे वर तयार झालेला संरक्षक थर, असं शास्त्रज्ञांना दिसून आलं. थर नेमका सारखा नसला, तरी तत्त्व जवळचं आहे. मुलांना हे जरूर सांगा.

पायरी ५ : पुन्हा धुणे, वाळवणे, पुसणे. गोड्या पाण्याने परत धुवा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा आणि उन्हात वाळवा. आमच्याकडे दमट हवेत उघडं लोखंड एका रात्रीत पिवळट पडतं. आम्ही पहिल्या दिवशी घासून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर हलका गंज परत आलेला! पुन्हा हात फिरवावा लागला. म्हणून घासणं संपेल त्याच दिवशी प्रायमर लागेल असं वेळापत्रक ठेवा. शेवटी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्या आणि त्यानंतर उघड्या हाताने पाइपला स्पर्श करू नका. घामातही मीठ असतं.

पायरी ६ : प्रायमर. रेड ऑक्साइड तळापर्यंत नीट ढवळा, कारण रंगद्रव्य खाली बसलेलं असतं. पहिला हात पातळ द्या. आधी जोड, खाचा आणि खालची बाजू, मग मोकळे पाइप. रात्रभर वाळू द्या, २२० च्या पेपरने हलकं घासा, धूळ पुसा आणि दुसरा हात द्या. बरेच जण इथेच थांबतात. लाल रंग दिसला की काम झालं असं वाटतं. पण हा प्रायमर सच्छिद्र असतो, नुसता ठेवला तर पावसात टिकत नाही. त्याचं काम लोखंड आणि रंग यांना एकमेकांशी घट्ट जोडण्याचं. पाणी अडवण्याचं काम वरच्या रंगाचं.

पायरी ७ : रंग. ऑइल पेंटचे दोन पातळ हात. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही चांगले. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि त्याला सुरकुत्या पडतात. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. रंग पातळ करायला टर्पेंटाइनच वापरा. गाड्यांच्या एनसी पेंटचा कडक थिनर यात मिसळला किंवा वरून लागला, तर खालचा थर उचलला जातो. भर दुपारी तापलेल्या पाइपवर रंग देऊ नका, सकाळचं ऊन आलं आणि दव गेलं की सावलीत द्या.

पायरी ८ : वाळणे आणि बसवणे. रंग हाताला चिकटत नाही म्हणजे वाळला असं नाही. नखाने दाबून वळ उठला तर अजून थांबा. आम्ही दोन दिवस पूर्ण थांबलो. मधल्या वेळात टपावर जिथे पाय बसतात तिथला गंज घासून तिथेही प्रायमर आणि रंग दिला. मग नवीन रबरं, नवीन नट-बोल्ट. बोल्ट आवळताना जिथे रंग खरवडला, तिथे लगेच ब्रशने टिपका दिला.

सगळं मिळून आठवडा गेला. वडाप चालू होतं, पण मासळीच्या फेऱ्या तेवढे दिवस बंद. भावाचं तेवढं उत्पन्न बुडालं, हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. दोन-तीन वेळा तो चिडलाही. पण ज्या दिवशी आम्ही दुसरा, चांगला दिसणारा पाय कापून काढला, तेव्हा दादांनी तो हातात घेऊन नुसता दाबला आणि तो चिरडला. त्यानंतर भाऊ काही बोलला नाही. गणपतीला हे कॅरिअर गच्च भरून गाडी घाट चढते आणि खाली मुलं बसलेली असतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नंतरची निगा

• मासळी उतरवल्यावर रोज दोन बादल्या गोडं पाणी मारायचं. खर्च शून्य, उपयोग सर्वांत जास्त.
• क्रेटखाली रबरी मॅट टाकली तर ती रात्री काढून ठेवायची. खाली ओल कोंडता कामा नये.
• दर महिन्याला बोल्ट आवळून, पायांना ठोकून बघायचं.
• रंग उडालेला दिसला की त्याच आठवड्यात घासून प्रायमर आणि रंग. छोटा डाग अर्ध्या तासाचं काम असतं.
• मोठं काम पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्येच. श्रावणात नाही!

आणि एक महत्त्वाचं : कॅरिअर कितीही मजबूत झालं तरी ते सामानासाठी आहे. टपावर माणसं बसवायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२३ नुसार मनाई आहे.

वर्गात करून बघा

चार काचेच्या बाटल्या घ्या आणि प्रत्येकीत दोन नवीन खिळे टाका. खिळे आधी पॉलिश पेपरने घासून घ्या.

बाटली १ : खिळे अर्धे बुडतील इतकं साधं पाणी.
बाटली २ : तेवढंच पाणी, त्यात दोन चमचे मीठ.
बाटली ३ : उकळून गार केलेलं पाणी खिळे पूर्ण बुडेपर्यंत, वर खाद्यतेलाचा थर. (पाणी शिक्षकांनीच उकळावं.)
बाटली ४ : पाणी नाही. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी न फोडता टाकून झाकण घट्ट.

आठवडाभर रोज निरीक्षण करून वहीत नोंद करायला सांगा. नंतर एक गंजलेला खिळा तसाच आणि दुसरा गंजलेला खिळा घासून, दोन्हींना रंग द्या आणि मिठाच्या पाण्यात ठेवा. कोणत्या खिळ्याचा रंग आधी फुगतो, ते मुलांना शोधू दे.

विचार करा, उत्तरे द्या

१) तिसऱ्या बाटलीत पाणी असूनही खिळे कमी का गंजले?
२) किनाऱ्यावरच्या गावातली सायकल आणि सोलापूरकडची सायकल, कोणती आधी गंजेल? का?
३) पाइपच्या खालच्या बाजूला भोक का पाडलं?
४) तुमच्या घरातली लोखंडाची एक वस्तू बघा. ती नेमकी कुठे गंजली आहे? तिथे पाणी का थांबतं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वर्गातल्या मुलांनी सुट्टीनंतर आणायचं आहे. आमच्या घरचं उत्तर मी वर सविस्तर लिहिलंच आहे. तुटलेला पायही जपून ठेवला आहे. जूनमध्ये शाळा उघडली की तो मुलांच्या हातात देणार आहे, काळ्या रंगासकट.